स्थानिक नियम तोंडी नकोत, खेळाडूच्या हाती लेखी द्या

माननीय संपादक,
सविनय नमस्कार.

हौशी आणि कनिष्ठ गटातील गोल्फ स्पर्धांच्या बातमीत विजेत्याचे नाव, त्याने घेतलेले फटके आणि बक्षीस समारंभाचे छायाचित्र असते. ती स्पर्धा कोणत्या नियमांखाली खेळली गेली, याचा उल्लेख सहसा नसतो. गेली काही वर्षे मी अशा स्पर्धांत स्कोअरकार्ड जमा करण्याच्या टेबलावर स्वयंसेवक म्हणून बसत आलो आहे आणि तिथे जे पाहिले त्यावरून हे पत्र लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की स्पर्धेचे स्थानिक नियम आणि अटी खेळ सुरू होण्यापूर्वी लेखी ठरलेल्या असाव्यात, त्या प्रत्येक खेळाडूच्या हाती पडाव्यात आणि खेळाडू मूल असेल तर त्याला त्या स्वतः वाचून समजाव्यात.

गोल्फशी फारसा परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. या खेळात प्रत्येक गटाबरोबर पंच फिरत नाही. अठरा होलचे मैदान (चेंडू ज्या खळग्यात घालायचा तो होल; तिथपर्यंतच्या टप्प्यालाही होलच म्हणतात) इतके पसरलेले असते की बहुतेक वेळ खेळाडू, त्याचे सहखेळाडू आणि त्याचे फटके लिहिणारा मार्कर एवढेच तिथे असतात. आपल्या हातून नियमभंग झाला तर तो स्वतःहून सांगायचा आणि दंडाचे फटके आपल्याच नावावर लावून घ्यायचे, ही या खेळाची रीत आहे. मूळ नियम आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्था मिळून ठरवतात. २०१९ मध्ये त्यांची पूर्ण फेरमांडणी झाली आणि २०२३ पासून सुधारित आवृत्ती लागू आहे. या नियमांच्या जोडीला प्रत्येक स्पर्धेची समिती दोन गोष्टी ठरवते. एक म्हणजे स्थानिक नियम: मैदानाची हद्द नेमकी कुठे संपते, दुरुस्तीखालची जमीन कोणती, चिखल झाला असेल तर चेंडू उचलून पुसता येईल का. दुसरी म्हणजे स्पर्धेच्या अटी: प्रवेश कोणाला, खेळाचा प्रकार कोणता, बरोबरी झाल्यास निर्णय कसा, निकाल अंतिम केव्हा मानायचा.

मी काम केलेल्या एका कनिष्ठ स्पर्धेच्या आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला होता. फेअरवेवरचा, म्हणजे कापलेल्या गवताच्या मुख्य पट्टीवरचा, चेंडू उचलून, पुसून पुन्हा ठेवण्याची मुभा द्यावी, असे समितीने सकाळी ठरवले. निर्णय योग्य होता, पण तो कागदावर उतरला नाही. पहिल्या टीवर, म्हणजे पहिला होल जिथून सुरू होतो त्या जागी, उभ्या असलेल्या एका कार्यकर्त्याने तो तिथून सुटणाऱ्या गटांना तोंडी सांगितला. त्याच वेळी दहाव्या टीवरून सुटलेल्या गटांना कोणीच काही सांगितले नाही. दहाव्या टीवरून निघालेल्या बारा वर्षांच्या एका मुलीला नऊ होल खेळून झाल्यावर, पहिल्या टीकडे येताना, दुसऱ्या गटातल्या मुलाकडून ही मुभा कळली. पुढच्या चार होलवर तिने फेअरवेवरचा चेंडू उचलला, पुसला आणि एका क्लबच्या (चेंडू मारण्याच्या काठीच्या) लांबीच्या आत ठेवला. समितीच्या मनात मात्र अंतर सहा इंचांचे होते. नमुना स्थानिक नियमात हे अंतर समितीने स्वतः ठरवून लिहायचे असते. सहा इंच, स्कोअरकार्डची लांबी किंवा एका क्लबची लांबी यांपैकी कोणतेही चालते, पण ते लिहिलेले असावे लागते. इथे ते कुठेच लिहिलेले नव्हते.

कार्ड देताना त्या मुलीने स्वतःच विचारले, “मी एक क्लब घेतला, ते बरोबर ना?” तिने विचारले नसते तर कोणाला काही कळले नसते. चुकीच्या जागेवरून खेळल्याबद्दल स्ट्रोक प्लेमध्ये (सगळ्या फटक्यांची बेरीज धरण्याच्या प्रकारात) दर वेळी दोन फटक्यांचा दंड आहे. म्हणजे चार वेळांचे आठ फटके. टेबलाभोवती बराच वेळ चर्चा चालली. मूल आहे, सोडून द्या, असे कोणी म्हणाले. निम्मा दंड लावा, असे कोणी म्हणाले. आणि शेवटी निम्माच लावला गेला. ते चार फटके मी माझ्या हाताने कार्डावर लिहिले. त्या वेळी मी गप्प राहिलो, याची खंत मला आजही आहे. कारण दंड कमी-जास्त करण्याचा अधिकार समितीला नियमांनी दिलेलाच नाही. दंड लागू होत असेल तर तो पुरता लागतो आणि लागू होत नसेल तर अजिबात लागत नाही. शिवाय त्या मुलीच्या बरोबरीने दहाव्या टीवरून निघालेली बाकीची मुले पहिले नऊ होल चिखलाने माखलेला चेंडू तसाच मारत राहिली होती, आणि त्याची भरपाई कोणत्याही बेरीज-वजाबाकीने होण्यासारखी नव्हती. वेळेवर लिहिलेल्या दोन ओळींनी हे सगळे टळले असते.

हा प्रश्न फक्त लहान स्पर्धांचा आहे, असे कोणी समजू नये. २०१० च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये व्हिस्लिंग स्ट्रेट्सच्या मैदानावर डस्टिन जॉन्सन अखेरच्या होलवर एका फटक्याने आघाडीवर होता. प्रेक्षकांच्या पायांनी तुडवलेल्या वाळूत त्याचा चेंडू पडला. तो बंकर, म्हणजे फटक्यापूर्वी क्लब टेकवायला मनाई असलेला वाळूचा खड्डा, आहे हे लक्षात न आल्याने त्याने फटक्यापूर्वी क्लब वाळूला टेकवला. मैदानावरची अशी प्रत्येक वाळूची जागा, प्रेक्षक तिच्यात उभे असले तरीही, बंकरच मानली जाईल, असे त्या स्पर्धेच्या स्थानिक नियमांच्या कागदावर स्पष्ट लिहिलेले होते. त्याला दोन फटक्यांचा दंड झाला आणि प्लेऑफमधली (बरोबरीनंतरच्या निर्णायक खेळातली) त्याची जागा गेली. तिथे समितीने आपले काम केले होते, चूक खेळाडूची होती, म्हणून निर्णयावर हळहळ व्यक्त झाली तरी तो टिकला. आमच्या स्पर्धेत चूक समितीची होती आणि भोगावे लागले बारा वर्षांच्या मुलीला.

समितीला पडणारा एक मोह इथे सांगितला पाहिजे. मुलांना सोपे जावे म्हणून मूळ नियमच बदलण्याकडे आयोजकांचा कल असतो: हरवलेला चेंडू पाच मिनिटे शोधू द्या, बंकरमधून दोनदा प्रयत्न झाल्यावर चेंडू हाताने बाहेर टाकू द्या. हेतू चांगला असला तरी एखादा नियम आवडत नाही म्हणून तो स्थानिक नियमाने रद्द करण्याची मुभा समितीला नाही. चेंडू शोधण्याची मुदत २०१९ पासून तीन मिनिटांची आहे आणि ती मुलांनाही तेवढीच आहे. आणि खरे पाहता, मुलांना सांभाळून घेण्याच्या वाटा नियमांतच आहेत. टी पुढे घेऊन मैदान लहान करता येते. नऊ होलची फेरी ठेवता येते. ‘कमाल फटके’ (मॅक्सिमम स्कोअर) हा स्ट्रोक प्लेचाच मान्य प्रकार आहे. त्यात एका होलवर, उदाहरणार्थ पारच्या (त्या होलसाठी अपेक्षित फटक्यांच्या) दुप्पट, अशी मर्यादा समिती आधी जाहीर करते आणि तिथपर्यंत पोहोचलेले मूल चेंडू उचलून पुढे जाऊ शकते. साध्या स्ट्रोक प्लेमध्ये होल पूर्ण न करता पुढच्या टीवरून खेळले तर अपात्र ठरावे लागते. नवशिक्या मुलाने एका होलवर तेरा-चौदा फटके मारून रडवेले होण्यापेक्षा हा प्रकार कितीतरी बरा, आणि लहान वयोगटात तो अधिक प्रमाणात वापरला जावा असे माझे मत आहे. मात्र ही मर्यादा अटींत लेखी हवी. सहाव्या होलनंतर सुचलेली दया म्हणून ती येता कामा नये.

पालकांचा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि त्याबद्दल अटींमध्ये सर्वांत कमी लिहिलेले असते. कॅडी (बॅग वाहणारा आणि सल्ला देऊ शकणारा मदतनीस) ठेवण्यावर बंदी घालणे किंवा पालकांनी कॅडी होऊ नये असे ठरवणे, हे दोन्ही समितीला स्थानिक नियमाने करता येते. वयाने अगदी लहान गटात कॅडी असू द्यावा, मोठ्या गटात मुलांनी आपली बॅग स्वतः ओढावी आणि आपला निर्णय स्वतः घ्यावा, असे मला वाटते. पण समितीने काहीही ठरवले तरी ते आधी सांगितले पाहिजे. कारण नियम असा आहे की खेळाडूने आपल्या कॅडीशिवाय कोणाचाही सल्ला मागायचा नाही. न मागता कोणी एकदा काही बोलले तर खेळाडूला दंड नाही, पण तीच व्यक्ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली आणि खेळाडूने तिला थांबवण्याचा प्रयत्न केला नाही, तर त्याने सल्ला मागितला असे धरून त्यालाच दंड होतो. आता दहा वर्षांच्या मुलाने आपल्या वडिलांना “बाबा, बोलू नका” असे भर मैदानात म्हणावे, ही अपेक्षा आपण त्याच्याकडून ठेवतो. ते ओझे मुलावर टाकण्याऐवजी प्रेक्षकांनी फेअरवेपासून किती दूर राहायचे, खुणा आणि इशारे चालणार नाहीत, आणि चेंडू शोधण्यास मदत करता येईल पण कोणता क्लब घ्यावा हे सांगता येणार नाही, हे सारे समितीने पालकांच्या हाती लिहून द्यावे. लेखी सूचना मिळालेला पालक बहुधा वाद घालत नाही, असा माझा अनुभव आहे.

अंतर मोजण्याच्या उपकरणांबाबतही असेच होते. २०१९ पासून ती मूळ नियमांतच चालतात आणि नको असतील तर समितीला स्थानिक नियमाने बंदी घालावी लागते. मात्र त्यांवरून चढ-उतार मोजण्याची परवानगी नाही. पहिल्या भंगाला स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटके आणि दुसऱ्याला अपात्रता, इतका कडक दंड असताना मुलांना ही गोष्ट टेबलाशी आल्यावर कळावी, हे योग्य नाही.

खेळाच्या गतीबद्दल थोडक्यात. २०१३ च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत चौदा वर्षांचा हौशी खेळाडू ग्वान तियानलांग याला दुसऱ्या फेरीत संथ खेळाबद्दल एका फटक्याचा दंड झाला होता आणि तरीही तो पुढच्या फेऱ्यांत पोहोचला. दंड मुलालाही होऊ शकतो, याला माझा आक्षेप नाही. पण गटाला ठरवून दिलेला वेळ किती, ताकीद केव्हा आणि मोजणी केव्हा सुरू होते, हे त्या मुलाला पहिल्या टीवर माहीत असले पाहिजे.

स्कोअरकार्डाबद्दल मी टेबलावरचा माणूस म्हणून विशेष आग्रहाने लिहितो. प्रत्येक होलच्या आकड्याची जबाबदारी खेळाडूची असते; बेरीज समितीची. १९५७ च्या अमेरिकन महिला ओपनमध्ये जॅकी पंग यांच्या कार्डावर चौथ्या होलचे ६ फटके ५ असे लिहिले गेले. एकूण बेरीज बरोबर होती, तरी सही झालेल्या कार्डावर एका होलचा आकडा कमी होता म्हणून त्या अपात्र ठरल्या आणि विजेतेपद गेले. जो आकडा जास्त लिहिला जातो तो तसाच कायम राहतो. १९६८ च्या मास्टर्समध्ये रोबेर्तो दे व्हिसेंझो यांच्या सतराव्या होलचे ३ फटके ४ असे नोंदले गेले आणि त्या एका फटक्याने त्यांचा प्लेऑफ हुकला. मोठ्यांच्या हातून जे घडले ते मुलांच्या हातून सहज घडते. म्हणून कनिष्ठ स्पर्धेत कार्ड देण्याची जागा शांत, सावलीची, पालकांपासून वेगळी असावी, मूल आणि मार्कर यांनी होलनिहाय आकडे एकमेकांना वाचून दाखवावेत, आणि तिथून पाऊल बाहेर पडले की कार्ड दिले असे मानायचे की नाही, हे अटींत असावे.

नियमाबद्दल शंका आली आणि जवळ पंच नसला तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन चेंडू खेळण्याची सोय आहे. कोणता चेंडू मोजायचा ते आधी सांगायचे आणि कार्ड देण्यापूर्वी समितीला कळवायचे. दोन्ही चेंडूंवर फटके सारखेच झाले तरी कळवणे राहिले तर अपात्रता येते. ही एक गोष्ट प्रत्येक मुलाला आधी शिकवली गेली तर टेबलावरचे निम्मे रडणे थांबेल. आमच्या त्या मुलीलाही याच सोयीचा उपयोग झाला असता.

विजेच्या बाबतीत तर समितीने जराही ढिलाई करू नये. एक लांब भोंगा म्हणजे खेळ तत्काळ थांबवा, तीन आवाज म्हणजे सुरू असलेला होल पूर्ण करता येईल, दोन छोटे आवाज म्हणजे पुन्हा सुरू करा, हे संकेत कागदावर असावेत आणि सकाळी एकदा वाजवूनही दाखवावेत. विजेचा धोका आहे असे वाटण्यास योग्य कारण असेल तर खेळाडू भोंग्याची वाट न पाहता स्वतः थांबू शकतो, आणि त्याला दंड नाही. त्याने समितीला लवकरात लवकर कळवायचे असते. दंडाच्या भीतीने झाडाखाली घुटमळणारी मुले मी पाहिली आहेत. हे वाक्य त्यांच्या कागदावर ठळक अक्षरात असायला हवे.

उरलेल्या अटींत वय कोणत्या तारखेला मोजायचे, बरोबरीत शेवटचे नऊ होल कोणते धरायचे, कारण सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुटले तर प्रत्येकाचे शेवटचे नऊ निराळे असतात, आणि बक्षीस काय, हे येते. हॅन्डिकॅपच्या (कौशल्यानुसार फटक्यांची सवलत देणाऱ्या) स्पर्धेत हौशी खेळाडूला रोख बक्षीस घेता येत नाही, हे २०२२ पासूनच्या हौशी दर्जाच्या नियमांत स्पष्ट आहे. आयोजकांनी उत्साहाने दिलेले पाकीट मुलाच्या हौशी दर्जावर बेतू शकते.

आयोजकांना माझी विनंती अशी आहे की एका पानावर मावेल असा कागद करावा, तो आदल्या संध्याकाळी प्रत्येक घरी पोहोचेल असे पाहावे आणि सकाळी त्यात काही बदलले तर बदल, वेळ आणि सही यांसह त्याची प्रत ज्या ज्या टीवरून गट सुटणार आहेत तिथे एकाच वेळी लावावी. कागद छापण्यापूर्वी तो स्पर्धेत नसलेल्या बारा वर्षांच्या एखाद्या मुलाला वाचायला द्यावा. जिथे त्याला प्रश्न पडेल ती ओळ पुन्हा लिहावी.

आपला,
कनिष्ठ गोल्फ स्पर्धांतील एक स्वयंसेवक