फोटोपुरती झाडं आणि पोरांची अळी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात 'चिमुकल्यांनी जोपासला निसर्ग' असा मथळा देऊन तुम्ही एका शाळेतल्या रोपं लावायच्या कार्यक्रमाचा जो फोटो छापलाय त्याबद्दल लिहायलेय. फोटोत पुढं पाहुणे, शाली, बॅनर, आणि पोरं कुठं तर मागं रांगेत, पांढरे बूट घालून. एकाच्याही हाताला माती नाही. झारीसुद्धा प्रमुख पाहुण्यांच्याच हातात. चार वर्षांच्या पोरांनी जोपासलं म्हणता, तर काय जोपासलं ते तुमच्या वार्ताहरानं एका तरी पोराला विचारायचं होतं की!

माझी नात त्याच शाळेत एलकेजीला जाते म्हणून मला आतलं माहीत आहे. शाळेच्या कंपाउंडला लागून एक कढीपत्त्याचं झाड आहे, बाकी सगळं अंगण पेव्हर घालून बंद केलंय. शाळा सुरू झाल्यावर थोड्या दिवसांनी त्या झाडाच्या पानावर पोरांना एक अळी दिसली. आधी सगळ्यांना ती पाखराची शिटच वाटली, काळपट आणि मधे पांढरा डाग, ही अळी लहानपणी तशीच दिसते म्हणजे पाखरं तिला खात नाहीत. मग कात टाकत टाकत ती हिरवीगार झाली, बोटाएवढी. काडीनं डिवचलं की डोक्यामागनं नारिंगी दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हे मला नातीनं घरी येऊन करून दाखवलं, दोन बोटं डोक्याला लावून आणि नाक मुरडून. डबा खाऊन झाला की ही पोरं पळत त्या झाडाकडं जायची, कुठलं पान कुरतडलंय, कालच्यापेक्षा मोठी झाली का, हे आपसात भांडून ठरवायची. कुणी शिकवलं नव्हतं. मी तिला सांगून ठेवलेलं, बाळ आता ती फांदीला सुताचा पट्टा बांधून टेकून बसेल, हलणार नाही, मेली म्हणून रडायचं नाही, आठ-दहा दिवसांत काळं-पिवळं फुलपाखरू निघतंय.

आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी शिपायाला सांगून त्या झाडावर औषध फवारलं. का तर पाहुणे येणार, झाडाला कीड दिसायला नको. निसर्गाचा कार्यक्रम म्हणून पोरांची अळी मारली. नात घरी आली ती दप्तर टाकून माझ्या मांडीत तोंड घालून बसली, जेवली नाही. मी शाळेत जाऊन विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "आज्जी, एका किड्यासाठी एवढं काय?" मला तिथं नीट बोलता आलं नाही म्हणून इथं बोलते. मॅडम, वर्षभराच्या तुमच्या वर्कशीटनं जे होणार नाही ते त्या एका किड्यानं केलेलं. रोज एकच गोष्ट बघायची, काल काय होतं ते आठवायचं, आज काय बदललं ते दुसऱ्याला सांगायचं, या वयात शिक्षण म्हणजे हेच. गेल्याच महिन्यात याच पोरीच्या डायरीत 'नखांत माती, लक्ष द्यावे' असा शेरा आला होता.

हे काय माझं एकटीचं खूळ नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली, पुढं कोसबाडला गेल्या, तिथं पानं, बिया, चिंचोके, शंख-शिंपले हेच पोरांचं साहित्य होतं. आपण केजी केजी म्हणतो ते किंडरगार्टन, म्हणजे पोरांची बाग, ज्यानं काढलं त्या जर्मनीच्या फ्रोबेलच्या बागेत तर प्रत्येक पोराचा स्वतःचा लहान वाफा असायचा. आणि आपल्या बेळगावच्या पोरांना हे मिळू नये? चारी बाजूला शिवार आहे, आत्ता नट्टीचे, म्हणजे लावणीचे, दिवस आहेत, उचगाव-बेळगुंदीकडं माळावर रताळ्याचे वेल लावायलेत. कुठल्याही शेतकऱ्याकडं मागा, वेलाचे तुकडे तो फुकट देईल. पेव्हरच्या चार फरश्या काढा, सरी करा, पोरांकडनं लावून घ्या. पेराला मुळं फुटतात ते पोरांना हातात धरून बघू दे. साधारण चार महिन्यांत रताळी निघतात, दिवाळीची सुट्टी संपवून आली की उकरू देत. खर्च शून्य. पालक कपडे मळतात म्हणून तक्रार करतात हे मला माहीत आहे, आमच्या सूनबाईपण करतात, पण कपडे धुता येतात हो.

आणि हे पण छापा. खानापूर तालुक्यात माझ्या माहेरच्या गावात अंगणवाडीच्या मागं ताईनं पोरांना घेऊन भेंडी, दोडका, लाल माठ लावलाय, दोडक्याचा वेल आता कौलावर चढलाय आणि तीच भाजी पोरांच्या ताटात पडते. पोरं सकाळी आल्या आल्या आधी वेलाकडं जातात, मग वर्गात. ताईनं ती बातमी फोटोसकट तुमच्या वार्ताहराकडं दिली होती, गेल्या पावसाळ्यात. अजून आलेली नाही. तिच्या फोटोत पाहुणे नव्हते, नुसती चिखलानं भरलेली पोरं होती. कालच्या बातमीत मात्र पाहुण्यांची नावं पदांसकट पाच ओळी भरून आहेत, त्यात एक नाव दोनदा आलंय.

पत्र लांबलंय, कापायचं तर माझ्या नातीचं कापा पण अंगणवाडीच्या ताईचं ठेवा. आणि कालच्या फोटोतली ती रोपं मार्चमध्ये, उन्हाळा लागला की, परत जाऊन बघायला तुमचा फोटोग्राफर पाठवा. जे दिसेल ते त्याच पानावर, तेवढ्याच आकारात छापा.

आपली,
एक वाचक आज्जी, शहापूर, बेळगाव