खोली बदलून मिळेल अशी जागा

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, सहलीत राहायला म्हणून तुम्ही सुचवलेल्या अमेरिकेतल्या जंगलातल्या लाकडी घराचे फोटो काल नीट पाहिले. व्हरांडा देखणा आहे, नाही म्हणत नाही. पण तिसरा फोटो मोठा करून बघा. सोफ्याच्या पायाशी मांजराचा वाडगा आहे आणि शेकोटीभोवतीची भिंत धुराने काळी पडलीय, म्हणजे ती शेकोटी शोभेची नाही. पाहुणे आले की मांजर बाहेर ठेवतीलही. पण त्याच्या लाळेतली आणि कातडीतली प्रथिनं गाद्या-पडद्यांत महिनोन्‌महिने टिकून राहतात. यातलं एकही तुमच्या दम्याला पुरेसं आहे, इथे तर दोन्ही.

आई, तुझ्या जपानच्या पारंपरिक सराईलाही माझा विरोधच आहे. तातामीच्या, म्हणजे तिथल्या जमिनीवरच्या गवती चटईच्या, विणीत धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे किडे) राहतात आणि गादी त्यावरच अंथरतात, म्हणजे रात्रभर नाक तिथेच. शिवाय फेब्रुवारी ते एप्रिल तिथे ‘सुगी’ नावाच्या देवदारासारख्या झाडांच्या परागकणांचा मोसम असतो. जपानच ठरलं तर हे महिने सोडून जा आणि पलंगाची खोली घ्या.

देश कुठलाही ठरवा, राहायला नवंसं, मोठं, थोडं रुक्ष हॉटेल बघूया. त्याचं कारण हॉटेलचे तारे नाहीत. तिथे खोली बदलून मिळते. भाड्याच्या घरात रात्री अकरा वाजता बाबांना घरघर सुरू झाली, तर घर कुठून बदलणार?

हॉटेलला ईमेल मी करते. ‘दमा असलेल्यांना चालेल का’ असं विचारण्यात अर्थ नाही, सगळे हो म्हणतात. खोलीत गालिचा आहे की लाकडी फरशी, उशा पिसांच्या की सिंथेटिक, खिडकी उघडते का, पाळीव प्राण्यांना वेगळा मजला आहे का, असं नेमकं विचारायचं. पोहण्याच्या तलावाजवळची खोली नको, क्लोरीनचा वास वर येतो. आणि नुसती नॉन-स्मोकिंग खोली नको, सगळं हॉटेलच धूम्रपानमुक्त हवं. सिगरेटचा वास घालवायला काही ठिकाणी खोलीत ओझोनचं मशीन लावतात. तो ओझोन स्वतःच श्वासनलिकेला त्रास देतो, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

पोचल्यावर बाबांनी लॉबीत बसायचं. आई, आधी तू एकटी वर जा. एसी सुरू कर आणि पहिली झुळूक हुंग: कुबट वास आला तर खोली नाकारायची. बाथरूमचं छत आणि पडद्यामागचा खिडकीचा कोपरा बघ, बुरशीचे काळे ठिपके तिथेच सापडतात. खोली फार सुगंधी वाटली तरी शंका घे. भिंतीला एअर फ्रेशनर लावलेला असेल तर काढायला सांग आणि तासभर खिडकी उघडी ठेव. तोवर बॅगा उघडायच्या नाहीत, नाहीतर ‘आता कुठे पुन्हा आवरायचं’ म्हणून तुम्ही तिथेच राहाल, मी ओळखते तुम्हाला. मागताना संकोचू नकोस. रिसेप्शनवाल्यांना खोली बदलून देणं रोजचं आहे.

उशी-गादीची माइटरोधक खोळ मी देईन, ती जरा कुरकुरते पण चालवून घ्या. घरी आल्यावर, लेबलवर चालेल असं लिहिलं असेल तर, ती ६० अंशांच्या पाण्यात धुवायची, त्याने माइट्स मरतात. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्रही देते. आकडा ५० टक्क्यांवर राहिला की माइट्स आणि बुरशी दोघांचंही फावतं, तेव्हा एसी ‘ड्राय’वर ठेवा.

रोजचा इन्हेलर ‘बरं वाटतंय’ म्हणून बंद करायचा नाही, बाबा. तातडीचा इन्हेलर आणि स्पेसर (इन्हेलरला लावायची नळी) हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका. २४ तास चालणारं हॉस्पिटल हॉटेलपासून किती लांब आहे, ते मी बुकिंगआधी नकाशावर बघते.

राहिला नेब्युलायझर, औषधाचा फवारा श्वासातून देणारं आपलं मशीन. अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानमध्ये १०० आणि आपलं मशीन घरच्या २३० वर चालतं. अडॅप्टर फक्त पिना जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही. मशीन उलटं करून तळाच्या लेबलचा फोटो आजच पाठवा. त्यावर नुसतं २३० असेल तर बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मशीनबद्दल डॉक्टरांना विचारून घेऊ.

तुमची,
लेक

ता. क. आई, फोटो तूच काढ. बाबांचे हलतात.