रेकॉर्डिंग आमचं, किल्ली कंपनीची

मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री यांस,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी आमचा रेकॉर्डिंगवाला सेट-टॉप बॉक्स बंद पडला. कंपनीचा माणूस आला, नीट बोलला, नवा बॉक्स लावून दिला. जुन्यातल्या रेकॉर्डिंगचं काय, विचारल्यावर म्हणाला, "ते गेलं समजा काका. डिस्क त्याच बॉक्सला बांधलेली असते."

त्या डिस्कवर माझे वडील आहेत. शेतीच्या एका कार्यक्रमात अण्णा २२ मिनिटं बोलले होते. ठिबकवर बोलले, मातीवर बोलले, मध्येच मुलाखत घेणाऱ्या मुलालाच "तू कधी नांगर धरलायस का?" म्हणून विचारलं. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांचा आवाज असलेलं घरात दुसरं काही नाही. वाहिनीला दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. डिस्क काढून संगणकाला लावली, ती ठणठणीत आहे. फक्त आतला मजकूर कुलूपबंद आहे आणि किल्ली त्या मेलेल्या बॉक्सच्या चिपमध्ये. आई रोज संध्याकाळी विचारते, "मिळालं का रे?" मी काय सांगू?

माझ्याच घरात एक जुना संगणक आहे. त्यात टीव्हीचा सिग्नल घेणारं ट्यूनर कार्ड आणि टीव्हीहेडएंड हे खुलं सॉफ्टवेअर आहे. फ्री डिशवरचे विनाकुलूप चॅनेल मी त्यावर रेकॉर्ड करतो. त्याची साधी फाइल होते. संगणक मोडला तर डिस्क दुसऱ्याला लावायची, फाइल चालते. फुकटच्या सॉफ्टवेअरवर जे जमतं, ते दरमहा पैसे भरलेल्या बॉक्सवर जमत नाही, कारण ते जमू द्यायचंच नाही असं कुणीतरी ठरवलेलं आहे.

साहेब, तुमच्याच सरकारची डीटीएच परवान्याची मार्गदर्शक तत्त्वं मार्च २००१ मध्ये निघाली. बॉक्स खुल्या रचनेचा असावा, एका कंपनीचा दुसरीकडे चालावा, असं त्यांत लिहिलं होतं. ११ एप्रिल २०२० रोजी दूरसंचार नियामक ट्रायने पुन्हा तीच शिफारस केली. मधे १९ वर्षं गेली! आजही माझा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या छत्रीला लावला तर नुसता डबा आहे.

आणि कायदा? २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी तोडलं तर गुन्हा नाही, हेही तिथेच लिहिलंय. पण मला मदत करणाऱ्याने माझं नाव, पत्ता, कारण यांची नोंद ठेवायची. मी तीन दुरुस्तीवाल्यांकडे गेलो. तिघांनी डिस्क हातातही घेतली नाही. कुलूप उघडायची मुभा मला, आणि किल्ली देण्याचं बंधन कंपनीवर त्या कलमात एका शब्दाने नाही. ही कसली मुभा?

अमेरिकेत १९८४ साली सोनीच्या बीटामॅक्स या व्हिडिओ रेकॉर्डरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की नंतर पाहण्यासाठी घरी कार्यक्रम रेकॉर्ड करणं हा उचित वापर आहे, म्हणजे कॉपीराइटचा भंग नाही. तेव्हा टेप होती. त्याच जातीच्या कुठल्याही यंत्रात घाला, चालायची. आमच्या जुन्या टेपा आजही चालतात. अण्णांची डिस्क चालत नाही. याला प्रगती म्हणायची का?

चोरी थांबवायला हे कुलूप आहे म्हणतात. चोरांना प्रत दुसरीकडून मिळतेच. अडकतो तो पैसे भरून घरी बसणारा माणूस. वर्गणी थकली की कंपनीची यंत्रणा संदेश पाठवते, आणि त्याच ग्राहकाच्या वडिलांचा आवाज परत देण्यासाठी कुणाकडे साधा अर्जाचा नमुना नाही. टीव्ही, फोन, ट्रॅक्टर, सगळीकडे हेच चाललंय: पैसे आम्ही मोजायचे आणि वस्तू त्यांच्या मर्जीने चालायची. निवडून आम्ही तुम्हाला दिलंय, त्यांना नाही.

बॉक्स बदलताना ग्राहकाची रेकॉर्डिंग नव्या बॉक्सवर चालती करून देणं कंपनीवर बंधनकारक करा. २००१ ची अट पाळायला लावा. आणि याबद्दल मी केलेल्या तक्रारीवर "प्रकरण बंद" असा संदेश आलाय, तो कुणी आणि काय पाहून पाठवला, हे मला लेखी कळवा.

डिस्क मी आईच्या कपाटात, अण्णांच्या चष्म्याशेजारी ठेवली आहे.

आपला,
एक वर्गणीदार