मावशी, तुम्ही आम्हाला मस्टर वाचायला शिकवलंत

आदरणीय मावशी,

सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळतेय. आभार मात्र चारचौघांतच मानणार. तुम्ही आमच्यासाठी जे केलंत त्याची गरज या मुंबईत आमच्यासारख्या कितीतरी जणींना आहे, आणि नेमका आत्ताच युनियनचा कायदा बदललाय. २१ नोव्हेंबर २०२५ ला चारही कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले केंद्राचे नवे चार कायदे, लागू झाल्या. तेव्हापासून मोबाइलवर दोनच प्रकारचे मेसेज फिरतायत: एक म्हणतो कामगाराचं भलं झालं, दुसरा म्हणतो युनियन संपली. आमच्या गटात असा मेसेज आला की कुणीतरी लगेच विचारतं, "कलम कुठलं?" ही सवय तुमची.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मावशी अंधेरी पूर्वेच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होत्या, तिथूनच रिटायर झाल्या, आणि बरीच वर्षं तिथल्या युनियनच्या खजिनदार होत्या. आम्हीही त्याच भागात, दुसऱ्या कारखान्यात, त्याच कामाला. गोळ्यांच्या स्ट्रिपा मोजून खोक्यात भरायच्या, माहितीपत्रकाची घडी आत सरकवायची, बॅच नंबर आणि तारीख बघायची, खोकं पुढे द्यायचं. मावशी परमनंट होत्या. आम्ही ठेकेदाराच्या.

तुमच्याकडे आम्ही आलो ते तक्रारी घेऊन. ओव्हरटाइम तेव्हाच्या कारखाना कायद्याप्रमाणे दुप्पट दराने मिळायला हवा होता, तो साध्या दराने मिळायचा. पीएफ कापला जायचा, पण नंबर विचारला की "पुढच्या महिन्यात". ठेकेदार बदलला की तीच बाई त्याच जागेवर नव्याने लागायची आणि मागची सगळी वर्षं पुसली जायची. तुम्ही मध्ये एकदाही न बोलता ऐकलंत. शेवटी म्हणालात, "रविवारी प्रत्येकीने पगाराची स्लिप आणायची. जिच्याकडे नसेल तिने गेटपास."

त्या रविवारी तुम्ही टेबलावरचं सगळं बाजूला सारलंत आणि आमचे कागद ठेकेदाराच्या नावाप्रमाणे लावलेत. तीन गठ्ठे झाले. माझ्या उजव्या हाताला बसणारी एका गठ्ठ्यात, डाव्या हाताची दुसऱ्यात, मी तिसऱ्यात. आमच्यातल्या कुणालाच हे असं कधी दिसलं नव्हतं. आपण एका खात्यातल्या, पॅकिंगच्या एका सरकत्या पट्ट्यावरच्या, म्हणजे एकच, असं आम्ही धरून चाललो होतो. "पट्टा एक, मस्टर तीन," तुम्ही म्हणालात. मस्टर म्हणजे मालकाकडचा कामगारांचा हजेरीपट. "आता सांगा, शंभरातले एक्कावन्न मोजायचे तर कुठल्या शंभरातले?"

तेव्हा या चारांतली युनियन आणि संपाची, म्हणजे औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये संसदेत मंजूर होऊन पडून होती, लागू व्हायची होती. तुम्ही आधीच वाचून ठेवली होतीत. वाटाघाटीच्या टेबलावर कोण बसणार हे तिने ठरवलंय: आस्थापनेच्या मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा ज्या युनियनला, ती एकमेव वाटाघाटी करणारी युनियन. तेवढा पाठिंबा कुणालाच नसेल तर ज्यांना किमान २० टक्के आहे त्यांची मिळून वाटाघाटी परिषद. टीव्हीवर भांडण चालतं ते ५१ बरोबर की जास्त यावर. तुम्ही आमचं बोट त्याच वाक्यातल्या दुसऱ्या शब्दावर ठेवलंत, मस्टरवर. कंपनीच्या मस्टरवर आम्ही नाहीच. या संहितेत मालकाच्या व्याख्येत ठेकेदारही येतो, म्हणजे आमची वाटाघाटी झालीच तर ठेकेदाराशी. पण पट्ट्याचा वेग तो ठरवत नाही, पाळी तो ठरवत नाही, बाथरूमला कधी जायचं तेही त्याच्या हातात नाही. ज्याच्या हातात हे सगळं आहे त्याच्यासमोर बसायचा हक्क आम्हाला ५१ काय, शंभर टक्के एक झालो तरी मिळत नाही. या वादातली माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि ती फार कमी बोलली जाते.

जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर तुम्ही आकडे लिहून दिले होतेत, ते पान माझ्याकडे आहे. ७, मग १० टक्के, मग २५, ३०, ५१. सात जण एकत्र आले की युनियन नोंदता येते, हे १९२६ च्या कायद्यातलं. त्या कायद्याचीही हकिगत तुम्ही सांगितलीत. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरणीच्या प्रकरणात कोर्टाने तिथल्या युनियनचे नेते बी. पी. वाडिया यांना कामगारांच्या बाजूने हालचाल करायला मनाई केली, आणि मग १९२१ मध्ये आपल्या ना. म. जोशींनी कायदेमंडळात ठराव आणला की युनियनला कायद्याचं संरक्षण द्या. पुढे २००१ च्या दुरुस्तीने सातच्या जोडीला अट आली: किमान १० टक्के किंवा १०० कामगार, जे कमी असेल ते. २५ टक्के हा मुंबई औद्योगिक संबंध कायद्यातला आकडा, १९४६ चा, गिरण्यांसारख्या उद्योगात सगळ्या कामगारांच्या वतीने बोलणाऱ्या प्रातिनिधिक युनियनसाठी. ३० टक्के आपल्या राज्याच्या १९७१ च्या कायद्यातला, मान्यताप्राप्त युनियनसाठी.

गिरण्यांचा विषय निघाला की तुमचा आवाज बदलतो, कारण घरातला माणूस तिथे होता. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यात पगाराइतकीच मोठी मागणी हा १९४६ चा कायदा बदलायची होती. बहुतेक कामगार एकीकडे, आणि कायद्याने बोलायचा हक्क मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा. म्हणून कायदा बदलायलाच नको असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. १९२६ च्या कायद्यात नोंदणी होती, पण मालकाने युनियनला मान्यता दिलीच पाहिजे असं काही नव्हतं. १९४७ मध्ये तशी दुरुस्ती मंजूर झाली आणि कधी अंमलातच आली नाही. त्या हिशेबाने देशभरासाठी वाटाघाटी करणाऱ्या युनियनची तरतूद आत्ता पहिल्यांदा लागू झालीय, आणि ही चांगली बाजू आहे हे तुम्ही आम्हाला स्पष्ट सांगितलंत. आमच्यातल्या काही जणींना ते आवडलं नव्हतं. मला पटलं. एका कारखान्यात चार झेंडे असले की मालक चौघांना चार खुर्च्यांवर बसवून एकालाही काही देत नाही, हे मीही पाहिलंय. बहुमत मोजायला माझी हरकत नाही. मोजणीतून आम्हाला बाहेर ठेवायला आहे.

संपाचं कलम वाचलं तो रविवार जड गेला. आता कुठल्याही कारखान्यात संपाआधी १४ दिवसांची नोटीस द्यायची. केंद्राच्या जुन्या कायद्यात ही सक्ती फक्त लोकोपयोगी सेवांना होती. समेटाची बोलणी सुरू असताना संप बेकायदा. निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो संप धरला जाणार. नोटिशीने मालकालाही तयारीला वेळ मिळतो आणि आम्हालाही, हे मान्य. पण ठेकेदाराच्या कामगाराला नोटीस दिल्यावर दोन आठवडे कामावर राहू देतील याची हमी कोण देणार? या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडेही नव्हतं, आणि तुम्ही ते तसंच सांगितलंत.

एक गोष्ट मी आता प्रत्येक नवीन मुलीला सांगते. मुंबईतल्या एका औषध कंपनीत नियम होता की पॅकिंगमधल्या मुलीने लग्न केलं की तिची नोकरी गेली. कंपनीचं म्हणणं, पॅकिंग हे गटाने करायचं काम, लग्न झालेल्या बायकांच्या रजा जास्त होतात, काम अडतं. बॉम्बे लेबर युनियनने हा वाद लढवला. न्यायाधिकरणात हरली, सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि १९६५ मध्ये तो नियम रद्द झाला. ही गोष्ट सांगून झाल्यावर तुम्ही विचारलं होतंत, "लग्न ठरलेली एकटी मुलगी दिल्लीच्या कोर्टापर्यंत गेली असती का?" तुम्ही स्वतः लग्नानंतरही कामावर राहिलात. तुम्हाला कामावर घेणाऱ्यांना तो निकाल माहीत होता, म्हणूनच तसा नियम दाखवायची कुणाची हिंमत झाली नाही. युनियन म्हणजे गेटवरच्या घोषणा एवढंच डोक्यात असलेल्या आमच्या मुलींना हे ऐकून काय वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. खालच्या कोर्टात हरल्यावर खटला वर नेणारी, आणि तोवर वकिलाची फी भरत राहणारी वर्गणी हीसुद्धा युनियनच.

तुमच्या मदतीचा मोठा भाग याच वर्गणीचा आणि कागदांचा होता. पावती पुस्तकाचे नंबर सलग हवेत. रद्द पावती फाडून टाकायची नाही, रेघ मारून पुस्तकातच ठेवायची. सभेचं इतिवृत्त त्याच रात्री लिहायचं, कोण आलं नाही तेही लिहायचं. ठेकेदाराला दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, पोच दिली नाही तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवायचा. अध्यक्ष व्हा म्हणून आम्ही तुमच्या मागे लागलो होतो. पदाधिकाऱ्यांपैकी एक तृतीयांश किंवा पाच, यांत जे कमी असेल तितकी बाहेरची माणसं कायद्याला चालतात. तरी तुम्ही नाही म्हणालात. "सही करणारीचा हात पट्ट्यावरचा असला पाहिजे." तेव्हा मला राग आला होता. पुढे पहिल्यांदा सुपरवायझरसमोर उभं राहून मागणीपत्र वाचलं, तेव्हा त्यातली प्रत्येक ओळ मी स्वतः लिहिलेली होती आणि मला कागदात बघावंही लागलं नाही.

काय मिळालं, तेही लिहिते, कारण लोक तेच विचारतात. जुन्या कायद्याखालीच आमची नोंदणी झाली, आणि संहितेप्रमाणे तशा युनियनची नोंदणी चालू धरली जाते. पीएफचे नंबर मिळाले. ओव्हरटाइम दुप्पट झाला. ठेकेदार बदलला तरी जुन्या बायकांची यादी नव्याकडे जाते, हे लेखी मिळालं. परमनंट कुणीच झालेलं नाही. वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवून कायमपणाचे फायदे नाकारणं ही राज्याच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित प्रथा आहे. पण कल्याणी स्टील्सच्या खटल्यात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कामगार आणि मालक हे नातंच वादात असेल तर आधी ते दुसरीकडे सिद्ध करून या. म्हणजे पुन्हा मस्टर. कामाच्या सुरक्षिततेच्या नव्या संहितेत मुख्य कामाला ठेका कामगार नकोत असं कलम आहे, त्याला अपवादही बरेच आहेत. गोळ्या खोक्यात भरल्याशिवाय बाजारात जात नाहीत. औषध कंपनीत पॅकिंग हे मुख्य काम नाही असं कुणी म्हटलं तर त्याला आमच्या खात्यात एक पाळी उभं करावं.

मावशी, तुम्हाला यातून एक रुपया मिळाला नाही. गुडघे दुखत असताना तुम्ही आमच्याबरोबर वांद्र्याला कामगार भवनात आलात, पंख्याखालची जागा आम्हाला दिलीत, आणि खिडकीवरच्या माणसाने "उद्या या" म्हटल्यावर तिथेच बसून राहिलात, काम होईपर्यंत. तुमच्या मुलीने आमच्यासाठी किती वेळा चहा केला त्याचा हिशेब नाही. तिलाही आमचा नमस्कार सांगा. मनापासून आभार. हा शब्द कमी पडतो हे माहीत असूनही लिहितेय, कारण तो अजून तुम्हाला कुणी नीट म्हटलेला नाही.

आणि एक काम आहे. एकाच पट्ट्यावर काम करणाऱ्या सगळ्यांना, मग ते कुठल्याही ठेकेदाराच्या मस्टरवर असोत, ५१ टक्क्यांच्या मोजणीत धरावं, अशी मागणी करणारं निवेदन आम्ही कामगार आयुक्तांना देतोय. मसुदा झालाय. "आस्थापना" कुणाला म्हणायचं त्या परिच्छेदात अडलोय, आणि १९७१ च्या कायद्याचा उल्लेख ठेवायचा की काढायचा यावर दोघींचं भांडण आहे. गुरुवारी पहिली पाळी सुटली की घेऊन येते. लाल पेन काढून ठेवा.

आपली,
तुमच्याच हाताखाली तयार झालेली खजिनदार