ट्रंकेवरची पोरं

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बाबांसमोर बाबांबद्दलच बोलणं मला नको वाटतं, म्हणून पत्र. बाबा, तुम्हालाही आहे हे. आई वाचून दाखवेल.

आई, आधी माझी चूक. दिवाळीत बाबा म्हणाले, "ट्रंकेवर दोन पोरं बसलीत, त्यांना खायला द्या काहीतरी." मी तरातरा जाऊन ट्रंकेवरची चादर झटकून दाखवली. "कोणी नाहीये बाबा, नीट बघा." त्यांचा चेहरा एवढासा झाला. तू मात्र वाटीत दोन चकल्या घालून तिथे ठेवल्यास आणि म्हणालीस, "मला नाही दिसत हो, पण भूक लागली असेल तर खातील." मी स्वयंपाकघरात येऊन तुझ्यावर ओरडले, तूच त्यांचे भास वाढवतेस म्हणून.

परवा रिपोर्ट घेऊन मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "पूर्वी झोपेत हातपाय झाडायचे का?" मला हसूच आलं. 'बाबा झोपेत कबड्डी खेळतात' म्हणून किती चिडवायचो आपण! या आजारात ते कित्येक वर्षं आधीपासून सुरू होऊ शकतं म्हणे. लुई बॉडी डिमेन्शिया, स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार. विसरण्याच्या आधीही नसलेलं दिसायला लागतं, तेही धूसर नाही: माणसं, लहान मुलं, मांजरं, अगदी कपड्यांच्या रंगासकट. सकाळी बाबा अग्रलेख वाचतात आणि संध्याकाळी त्यांना बाथरूम सापडत नाही, तेही यातलंच. 'सोंग करतात' म्हणणाऱ्या काकांना हे जरूर ऐकव.

चकल्यांचं सांगितलं तर डॉक्टर म्हणाले, "आईंना कोणी शिकवलं?" वाद घालायचा नाही, आणि 'मलाही दिसतात' असं खोटंही बोलायचं नाही. भीती वाटतेय का, एवढं विचारायचं. पोरांची भीती बाबांना नाहीच. भीती आहे ती पडद्यातल्या तोंडांची आणि रात्री कपाटाच्या आरशात उभ्या राहणाऱ्या माणसाची. तेव्हा आरशावर तुझी जुनी साडी टाक आणि पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू ठेव. बिलाचं मी बघते.

शेजारच्या काकू नारळ उतरवायचं म्हणतात, तर उतरव, माझी ना नाही. पण मागच्या वेळी 'शांत राहतील' म्हणून कोणीतरी दिलेल्या गोळीने बाबा दोन दिवस लाकडासारखे ताठ झाले होते, आठवतं ना? हॅलोपेरिडॉलसारखी औषधं या आजारात जिवावर बेतू शकतात. मी तसा कागद लिहून पाठवतेय. एक फ्रीजवर लाव, एक बाबांच्या शर्टाच्या खिशात ठेव. आणि एक-दोन दिवसांत भास एकदम वाढले, तर मेंदूच बिघडला असं धरून बसू नकोस. आधी लघवी तपासून घे. तिथलं इन्फेक्शनही असं करतं. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदूही आता पुढे ढकलायचा नाही, बाबा. कमी दिसतं तिथे मेंदू मनचं भरतो.

बाबा, चादर झटकली त्याबद्दल माफ करा. ती पोरं कोण, कुठली, मी विचारलंच नाही. तुम्ही त्यांना 'अरे' म्हणत होतात, म्हणजे ओळखीची असावीत.

शनिवारी रात्रीच्या गाडीने येते. साधा, बिनफुलांचा पडदा आणतेय. आई, चकल्या संपल्या असतील तर कळव.

तुमची,
ताई