गाडी नसलेल्या गाडीची फिल्म

दर्यापूर,
१२ डिसेंबर

प्रिय मित्रा,

तुझा फोन आला तेव्हा मी बनोसा स्टेशनात रुळांमध्ये पालथा पडून शॉट घेत होतो, म्हणून उचलता आला नाही. राग धरू नको. फोनवर धड बोलणं होत नाही, म्हणून पत्रच लिहायला घेतलं.

कॉलेजच्या माहितीपटासाठी आम्ही आपली शकुंतला रेल्वेगाडी घेतली आहे. फिल्म दहाच मिनिटांची. सर म्हणाले होते, किल्ला घ्या, मंदिर घ्या, बंद पडलेल्या गाडीत दाखवाल काय? पण बहिरमच्या जत्रेला आपण अचलपूरपर्यंत याच गाडीनं गेलो होतो रे. मला दुसरं काही सुचेचना.

पहिल्या दिवशी रुळांना टेप लावला. बरोबर अडीच फूट! एवढ्याशा वाटेनं वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला जायचा, तिथून मोठ्या लाइनीनं मुंबई आणि पुढे बोटीनं मँचेस्टर. वाफेचं इंजिनही तिथलंच, १९२१ सालचं. ते १९९४ पर्यंत राबलं, मग डिझेल आलं. आता रुळांत बाभळी उगवल्यात. एका ठिकाणी तर रूळ दिसायला गवत बाजूला सारावं लागलं.

इंजिनात कोळसा घालायचे ते आपल्या गल्लीतले आजोबा आठवतात ना? त्यांना स्टेशनावर नेलं. फावडं धरल्यासारखे हात करून, भट्टीचं दार कोणत्या पायानं उघडायचं तेसुद्धा त्यांनी दाखवलं. म्हणाले, "गाडी चाले हळू. पोट्टे उतरून बोरं तोडत अन् मांगच्या डब्यात बसत." घरी येऊन ऐकतो तर नुसता वारा! माइकला साधं फडकंसुद्धा गुंडाळलं नव्हतं मी. त्या रात्री जेवण गेलं नाही.

चार दिवसांनी भीतभीत पुन्हा गेलो. या वेळी त्यांच्या घरीच बसलो. पण पत्र्याच्या खोलीत आवाज घुमायला लागला. शेवटी आजींनीच कापसाच्या खोलीचं दार उघडलं. वेचणीचा कापूस छातीएवढा भरलेला. आजोबा त्याला टेकून बसले आणि आवाज असा स्वच्छ आला की त्यांचा श्वासही ऐकू येतो. बोरांची गोष्ट मात्र या खेपेला त्यांनी सांगितली नाही. मीही आग्रह धरला नाही. या वेळी ते मेलेल्या सोबत्यांबद्दल बोलले, एकेकाचं नाव घेऊन. फिल्ममध्ये तेच ठेवलंय, मध्ये एकही कट न करता.

आता तुझ्याकडे एक काम. त्या जत्रेच्या वेळचं तिकीट तू कंपासपेटीत जपून ठेवलं होतंस. अजून आहे का? शेवटच्या शॉटला ते तळहातावर हवंय. फोटो चालणार नाही, तिकीटच पाठव, २० तारखेच्या आत. जिवापाड सांभाळीन.

तुझाच,
बाकावरचा सोबती