वीज गेल्याचे लपवणारा स्लो कुकर : तक्रार आणि मागणी

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वीज जाऊन आल्यावर कुकर न सांगता 'वॉर्म'वर जाणे, तसेच माहितीपुस्तिकेतील राजम्याची धोकादायक कृती

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीचा डिजिटल टायमरचा स्लो कुकर मी चार महिन्यांपूर्वी घेतला. माझी पूर्ण वेळ नोकरी आहे. सकाळी आठला घर सोडते ती संध्याकाळी सव्वासहाला परतते. 'सकाळी लावा, संध्याकाळी वाढून घ्या' असे खोक्यावर लिहिले आहे आणि हे चार महिने कुकरने ते खरेही करून दाखवले. ऑफिसातून दमून आल्यावर घरात शिजलेल्या अन्नाचा वास येणे किती मोठी गोष्ट आहे, ते रोज धावपळ करणाऱ्यालाच कळेल.

गेल्या मंगळवारी नेहमीप्रमाणे तळाशी बटाटे आणि गाजर, वर चिकन असे सगळे घालून भांडे दोन-तृतीयांश भरले. चिकन गोठलेले नव्हते, रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सुटे केलेले होते. 'लो'वर ८ तास लावले आणि निघाले. माझी मुलगी साडेपाचला घरी येते. 'वॉर्म'चा दिवा दिसला की जेवण तयार, असे मीच तिला सांगून ठेवले आहे. दिवा लागलेला होता. तिने वाढून घेतले, पण चमचा बटाट्यात शिरेना म्हणून ताट बाजूला सारून माझी वाट पाहत बसली.

मी झाकण उघडले तर आतून वाफेचा थेंब नव्हता. गाजर सुरीखाली कटकन तुटले. चिकन वरून पांढुरके, आत गुलाबी. थर्मामीटर घातला तर रस्सा ५२ अंश सेल्सिअस. काय झाले ते मला मायक्रोवेव्हच्या घड्याळावरून कळले. वीज गेली की ते शून्यापासून पुन्हा सुरू होते, आणि त्यावर ९ तास २५ मिनिटे दिसत होती. म्हणजे मी बाहेर पडल्यावर तासाभराच्या आतच वीज जाऊन आली होती. शेजाऱ्यांनीही वीस मिनिटे वीज नव्हती असे सांगितले. वीज आल्यावर आपला कुकर 'लो'वर परत गेला नाही, बंदही पडला नाही, तो 'वॉर्म'वर गेला. 'वॉर्म' ही शिजलेले अन्न ६० अंशांच्या वर गरम ठेवण्याची सोय आहे, अन्न शिजवण्याची नव्हे. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. आमचे चिकन जवळजवळ दिवसभर त्याच पट्ट्यात पडून होते. मी सगळे फेकून दिले.

माझे खरे गाऱ्हाणे वाया गेलेल्या जेवणाचे नाही. आठ तास पूर्ण झाल्यावर लागतो तोच दिवा, त्याच रंगाचा, अर्धवट राहिलेल्या अन्नावरही लागतो. बटाटा कडक होता म्हणून मुलीला शंका आली. लवकर मऊ होणारी भाजी असती तर ती जेवून मोकळी झाली असती.

फोनवर मला सांगण्यात आले की हा दोष नाही, रचनाच तशी आहे, आणि वापरताना उपकरणावर लक्ष ठेवावे. घरी थांबून लक्ष ठेवणे जमले असते तर मी स्लो कुकर घेतलाच नसता. माझ्या जुन्या कुकरला साधी फिरवायची कळ होती. वीज गेल्याचे तोही सांगत नसे हे खरे, पण वीज आली की निदान पुन्हा तापायला तरी लागे.

दुसरी बाब त्याहून गंभीर आहे. पुस्तिकेत भिजवलेला राजमा थेट 'लो'वर ८ तास लावायला सांगितले आहे. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते. त्यासाठी राजमा किमान १२ तास भिजवून मग पाण्यात किमान १० मिनिटे खळखळून उकळावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; भिजवलेले पाणी टाकून ताजे पाणी घ्यावे. स्लो कुकरमध्ये तशी उकळी येईलच याची खात्री नसते, आणि कमी आचेवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. उलट्या आणि जुलाब काही तासांतच सुरू होतात. मला हे आधीपासून माहीत होते म्हणून मी ती कृती केली नाही. पुस्तिकेवर विसंबणाऱ्या नव्या ग्राहकाला कोण सांगणार?

माझा कुकर परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. वीज खंडित झाली तर पडद्यावर तसा स्पष्ट, लुकलुकणारा इशारा येईल आणि तो हाताने बंद करेपर्यंत जाणार नाही, असा बदल या मॉडेलमध्ये करावा. तो होईपर्यंत हा कुकर घेतलेल्या प्रत्येकाला 'वॉर्म'च्या दिव्याबद्दल आणि राजम्याच्या कृतीबद्दल लेखी सूचना पाठवावी. रक्कम मिळायला उशीर झाला तरी चालेल, ही सूचना मात्र आधी पाठवा.

१५ दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

आपली,
एक ग्राहक

सोबत : खरेदीची पावती, वॉरंटी कार्ड, 'वॉर्म'चा दिवा आणि थर्मामीटर एकत्र दिसणारा फोटो, पुस्तिकेतील राजम्याच्या पानाची प्रत